बद्रीभाऊंचा खुर्चीपालट

आमच्या आणि बद्रीभाऊंच्या मागच्या अंगणात एक सामायिक भिंत आहे. उंची माणसाच्या डोक्यापेक्षा थोडी जास्त. दिसायला भिंत आणि ऐकायला पडदा. तिकडं कुणी शिंकलं तर इकडं आमचे हे, म्हणजे सोमनाथराव, "जीते रहो" म्हणतात. तेव्हा सारजाबाई भिंतीला कान लावते असं सिडकोत जे बोललं जातं ते साफ खोटं आहे. मला लावावाच लागत नाही.

बद्रीभाऊ म्हणजे बद्रीनाथ. घराणं बिडकीनकडचं, शेतीवाडीवालं. स्वतः मात्र उभी नोकरी सेंट्रल बसस्टँडवर काढली. वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसून माईकवर पैठण, सिल्लोड, कन्नड अशा गाड्या पुकारायच्या. पाठ फिरवून उभ्या असलेल्या, झोपलेल्या, भांडणाऱ्या माणसांना ऐकू जाईल असं बोलायचं, हा त्यांचा धंदा. तो आवाज घरीसुद्धा उतरत नसे. जेवायला बसले की म्हणायचे, "आवडा, भाजीत मीठ अद्याप आलेलं नाही. मीठ उशिरानं येण्याची शक्यता आहे." आवडाबाई आतून म्हणायच्या, "मीठ रद्द झालंय. बीपीची गोळी फलाटावर लागली हाय, ती घ्या."

निवृत्त झाल्यावर या आवाजाचं करायचं काय हा प्रश्नच होता. तो गोकुळनं सोडवला. गोकुळचं टी.व्ही. सेंटर नावाच्या चौकात मोबाइलच्या दुकानावर एक चॅनल आहे. टी.व्ही. सेंटरला नाही काढायचं तर कुठं काढायचं! चॅनल म्हणजे दोन खोल्या, हिरवा पडदा, पाच खुर्च्या आणि मांजर. रोज संध्याकाळी सातला 'चव्हाट्यावर' नावाची चर्चा. केबलवर दिसते, फोनवरही दिसते. बद्रीभाऊ तिथं राजकीय विश्लेषक झाले. बाजू छत्री आघाडीची. समोरच्या खुर्चीत मुंजाबा, ते नांगर आघाडीचे. मी चिन्हांची नावं घेतेय. खरी नावं घेतली तर दोन्हीकडचे माझ्याच दारात मंडप घालतील.

हा मुंजाबा फर्दापूरकडचा. बाप मेंढरं राखायचा, पोरगा शिकून बातमीदार झाला. पण मेंढरं गेली नाहीत त्याच्यातून. चर्चेत चौघं एकदम ओरडायला लागले की हा ओठ मुडपून असा काही "हुर्र्र" करायचा की निवेदकासकट सगळे गप्प. मांजरसुद्धा. बद्रीभाऊ म्हणायचे, "मुंजाबाराव, मी तुमचं मेंढरू नाय." तो म्हणायचा, "मेंढरू नाय, तुम्ही एडका हाय. आधी धडकता, मग बघता कशाला धडकलो."

रोज हे असं. लोक चहा घेत बघायचे. पण लोकांना खरी ओढ होती ती निकालाच्या दिवसाची. त्या दिवशी खुर्चीपालट असायचा.

त्याचं असं झालं. पहिल्याच निवडणुकीच्या निकालाला दोघं इतके भांडले की गोकुळच्या कॅमेऱ्याचा स्टँड मोडला. गोकुळ रडवेला झाला. तेव्हा मुंजाबा उठला आणि बद्रीभाऊंना म्हणाला, "ऊठ तिथनं. तू माझ्या खुर्चीत बस, माझी बाजू मांड. मी तुझी मांडतो. बघू कुणाला काय कळलंय आजवर." तेव्हापासून रीत पडली. निकाल कुणाचाही लागो, संध्याकाळी दोघं खुर्च्या बदलणार आणि एकमेकांच्या बाजूचं बोलणार. टोमणा मारायचा नाही, खोटं कौतुक करायचं नाही. बोलून झालं की विचारायचं, "मांडलं का?" समोरचा "मांडलं" म्हणेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. आणि स्वतःची बाजू त्या दिवशी स्वतः मांडायची नाही, कितीही खाज सुटली तरी.

ही खोड बद्रीभाऊंच्या घरात तर फार आधीपासूनची. त्यांची पोरं मोनिका आणि सुदर्शन लहान असताना सायकलवरून मारामाऱ्या करायचे. बद्रीभाऊ ड्यूटीवरून आले की दोघांना समोरासमोर उभं करायचे. "सुदर्शन, मोनिकाची बाजू मांड." ते पोरगं नाक ओढत मांडायचं, "तिची पाळी होती... मी चाकातली हवा सोडली..." मी भिंतीअलीकडून ऐकायची. एकदा मीही आमच्या घरी हा प्रयोग केला. यांना म्हटलं, माझी बाजू मांडा. यांनी इतकी छान मांडली, इतकी छान मांडली, की मला कळलं या माणसाला सगळं ठाऊक आहे आणि तरी तो करत नाही. प्रयोग बंद केला.

असो. मोनिका लग्न होऊन गेली. सुदर्शन इथंच राहिला. बायको प्रेरणा, पोरगी सृष्टी. बिडकीनच्या नव्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी. आणि या महापालिकेच्या निवडणुकीत पोरगं उभं राहिलं. छत्रीकडून, आमच्याच प्रभागातून. समोर नांगराचा शिवम, दोन गल्ल्या सोडून राहणारा.

कॉलनीला वाटलं, झालं! आता बद्रीभाऊ रोज सातला आरती करणार पोराची. मीही चिडवलं, "भाऊ, आता पुकारा, प्रभागाची गाडी सुदर्शन फलाटावर लागली आहे म्हणून." ते हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी गोकुळला सांगून टाकलं, मतदान होईपर्यंत आमच्या प्रभागावर चर्चा झाली तर मी गप्प बसेन. माईक लोकांचा आहे. घरचं माईकवर नाही.

सुदर्शनला हे गोकुळकडून कळलं. तो अंगणात आला. मी कपडे वाळत घालत होते. कपडे दोनच होते, पण वेळ लागतो.

"अण्णा, मी आरती करा म्हणत नाय. एक वाक्य बोला. पोरगं कष्टाळू आहे एवढं तरी."

"ते लोकांनी म्हणायचं. बापानं म्हणलं की त्याची किंमत शून्य."

"लोक मलाच विचारतेत ना, तुमचे वडील काय म्हणतेत! काय सांगू?"

"सांग, आमचा बाप घरच्यावर बोलत नसतो."

"आख्ख्या शहरावर बोलतो," सुदर्शन म्हणाला आणि आत गेला.

आता चुकीकडं येते. चूक अशी, की ती फक्त बद्रीभाऊच करू शकत होते.

बसस्टँडच्या सवयीनं ते माईक आधी तपासून घेणारे. खुर्चीपालटाचं भाषण ते निकालाची वाट न बघता आधीच तयार करायचे. कारण निकाल कुठलाही लागला तरी त्यांना बोलायचं होतं नांगराच्याच बाजूनं. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीकडं तोंड करून सराव करायचे, तो फोनवर रेकॉर्ड करायचे आणि मुंजाबाला पाठवायचे: मांडलं का? मुंजाबाही आपलं पाठवायचा. दोन म्हातारे एकमेकांना एकमेकांची भाषणं पाठवतात! आवडाबाई म्हणायच्या, "आमच्या लग्नात एक चिठ्ठी नाय धाडली या माणसानं."

मतदान तोंडावर आलं होतं. त्या सकाळी सराव झाला. मी ऐकला. या वेळी बोलणं शिवमवरच होतं, कारण मुंजाबानंच तसं मागितलं होतं: पोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचं मांडशील तर मानलं. बद्रीभाऊ टाकीला सांगत होते: "उन्हाळ्यात आठ आठ दिवस नळ नव्हता. तेव्हा शिवम टँकरवर उभा राहिला. टँकर दिसला की पुढची घरं आधी भांडी लावतात. यानं नळी उलटी नेली, गल्लीच्या शेवटच्या घरापासून पाणी वाटत आणलं. माझं घर पुढचं. मला सगळ्यांत शेवटी मिळालं, आणि मी चिडलो. रात्री कळलं, पोरगं बरोबर होतं. माझं मत कुणाला जाणार हे त्याला ठाऊक होतं, तरी माझी टाकी काठोकाठ भरून गेला. ज्याला शेवटचं घर दिसतं, त्याच्या हातात प्रभाग द्यायला भीती नाही."

मला ते आवडलं. मी भिंतीवरून म्हटलंही, "मांडलं हो भाऊ!" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कोण? मुंजाबा म्हणेल तेव्हा मांडलं."

मग चष्मा कपाळावर ठेवून त्यांनी पाठवायचं बटण दाबलं आणि आंघोळीला गेले. सगळ्यात वर दिसलेल्या नावावर दाबलं होतं. त्या दिवसांत सगळ्यात वर एकच नाव असायचं, कारण तिथं मिनिटाला संदेश पडत होते. सुदर्शनच्या प्रचाराचा ग्रुप.

आंघोळ करून बाहेर येईपर्यंत ते भाषण प्रभागभर फिरलं होतं. नांगरवाल्यांनी त्याला खाली संगीत लावलं. 'उमेदवाराचे वडील काय म्हणतात ऐका.' रिक्षावर लावून फिरवलं. शिवमनं म्हणे बंद करायला लावलं, पण तोवर रिक्षा तीन गल्ल्या फिरली होती. आणि छत्रीच्या पोरांनी बद्रीभाऊंच्या गेटला लाकडाचा खेळण्यातला नांगर बांधला.

बद्रीभाऊ ओल्या अंगानं गेटवर उभे राहून ज्याला त्याला सांगत होते, "चुकून गेलं. ते मुंजाबासाठी होतं." यापेक्षा वाईट सफाई मी आयुष्यात ऐकलेली नाही. समोरच्या पक्षाच्या माणसासाठी होतं, म्हणे!

सुदर्शन उरलेले दिवस फिरला. हात जोडत, खाली मान घालून. लोकांनी विचारलं तर "वडील वडील आहेत" एवढंच.

निकालाच्या दुपारी तो पडला. थोडक्यात पडला, आणि थोडक्यातच वाईट. भरपूर मतांनी पडला असता तर कुणाचा बाप मध्ये आला नसता.

त्या दुपारी त्यांच्या घरात जे झालं ते ऐकायला भिंतीची गरज नव्हती, रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. प्रेरणा रडत होती. आवडाबाई म्हणत होत्या, "आज जाऊ नका. पाया पडते तुमच्या. एक दिवस त्या खुर्चीला आग लागू द्या."

मुंजाबाचाही फोन आला होता. स्पीकरवर होता, त्याला मी काय करू? "बद्र्या, येऊ नको. मी एकटा सांभाळतो. गोकुळला सांगतो तुला ताप हाय."

बद्रीभाऊ म्हणाले, "मुंज्या, आज मी आलो नाय तर ती टेप पैसे घेऊन विकलेली ठरती. आज उघड्यावर, सगळ्यांसमोर मांडलं, तरच ती रीत होती असं लोक मानतील. हा पण मानेल."

हा म्हणजे सुदर्शन. तो जिन्यात उभा होता. तो पहिल्यांदा बोलला. "अण्णा, चुकून पाठवलं असंल. मानतो. पण बोललात तर चुकून नाय ना? त्या शिवमसाठी एवढं सुचलं तुम्हाला. माझ्यासाठी एक वाक्य नाय सुचलं. आज त्या खुर्चीत बसलात, तर मी या घरात राहणार नाय."

कपड्यांची इस्त्री केल्याचा वास आला. थोड्या वेळानं बद्रीभाऊ पांढरा सदरा घालून गेटमधून बाहेर पडले. तो लाकडी नांगर अजून लटकत होता. त्याला धक्का लागू नये म्हणून तिरपे होऊन निघाले. मी ओट्यावर होते. रोजच्यासारखं काहीतरी चावट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेच म्हणाले, "वहिनी, काय नाय का आज?" मी म्हटलं, "आज गाडी रद्द करा, भाऊ." ते म्हणाले, "प्रवासी बसलेत."

सातला आवडाबाई आमच्याकडं आल्या. त्यांच्या घरातल्या टीव्हीची वायर सुदर्शननं काढून ठेवली होती. त्या सोफ्यावर न बसता उंबऱ्यात बसल्या, म्हणजे बघितल्यासारखं व्हायला नको आणि दिसायला तर हवं.

आधी मुंजाबाची पाळी. जिंकलेल्यांचा माणूस हरलेल्यांच्या खुर्चीत बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "छत्रीची बाजू मांडायचीय. छत्रीवर मी नंतर बोलतो. आधी एका पोरावर बोलतो, कारण त्याच्यावर बोलायला त्याच्या बापाला बंदी हाय, आणि ती बंदी बापानंच घातलीय." आणि मग तो सुदर्शनवर बोलला. की हे पोरगं प्रचारात शिवमच्या विरोधात एक वाकडा शब्द बोललं नाही. की कार्यकर्ते वाईट घोषणा द्यायला लागले की हा गाडीवरच्या माईकची वायर काढायचा. की बापाची टेप रिक्षावर वाजत असताना हा समोरून चालत आला, आणि रिक्षावाल्याला म्हणाला, आवाज जरा कमी कर, पुढं दवाखाना आहे. "दुसरा असता तर रिक्षा उलटी केली असती. नांगरानं जागा जिंकली. पण माणूस छत्रीनं उभा केला होता, हे आज जिंकलेल्यांनी टोपी काढून मान्य करावं. मांडलं का, बद्रीनाथराव?"

कॅमेरा बद्रीभाऊंवर गेला. आख्ख्या शहराला गाड्या सांगणारा तो माणूस, त्याचे ओठ हलत होते आणि आवाज फलाटावर येईना. आमच्या हॉलमध्ये आवडाबाईंनी पदर तोंडात धरला. मी काय केलं, रिमोट घेतला आणि आवाज होता तेवढा सगळा वर नेला. भिंत आहेच आमची पडद्यासारखी. पलीकडं जिन्यात कुणी बसलं असेल तर त्यानं ऐकावं.

"मांडलं," बद्रीभाऊ शेवटी म्हणाले.

मग त्यांची पाळी. नांगराच्या खुर्चीत बसून त्यांनी तेच भाषण केलं. टँकर, उलटी नेलेली नळी, शेवटचं घर. एक शब्द बदलला नाही. माझं पाठ होतं, मी पडताळलं. शेवटी विचारलं, "मांडलं का?"

"मांडलंस," मुंजाबा म्हणाला. "पण लई महागात मांडलंस, बद्र्या." कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच बद्र्या म्हणाला. आणि उठून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उभा राहिला, गोकुळनं जाहिरात लावेपर्यंत.

आवडाबाई ते बघायला नव्हत्या. बाहेर टेम्पोचा आवाज आला म्हणून त्या पळत गेल्या होत्या. बद्रीभाऊ घरी आले तेव्हा सुदर्शन बायको-पोरीसकट बिडकीनला राहायला गेला होता, वरचा मजला रिकामा होता. सृष्टीची सायकल तेवढी राहिली, टेम्पोत मावली नाही.

पुढचे दिवस विचित्र गेले. शहरभर त्या दोघांचं कौतुक. दोन्ही आघाड्यांच्या माणसांनी तो तुकडा एकमेकांना पाठवला. एका महाविद्यालयात बोलावलं, एका मंडळानं शाल दिली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या विश्लेषकांनी म्हणे लिहिलं की यांच्याकडून शिका. बद्रीभाऊ शाल घेऊन घरी यायचे आणि जेवायचे नाहीत. आवडाबाई ताट वाढायच्या, झाकायच्या, उचलायच्या. बिडकीनला फोन लावला तर प्रेरणा उचलायची, "बरंय सगळं" म्हणायची आणि मागून टीव्ही मोठा व्हायचा. एकदा स्वतः बिडकीनला जाऊन आले. सुदर्शननं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, "येतो, ड्यूटी हाय" म्हणून बाहेर निघून गेला. पाहुण्याला करतात तसं. परत येताना बसमध्ये त्यांना कुणीतरी ओळखलं आणि सोबत फोटो काढला.

मग त्यांनी 'चव्हाट्यावर' सोडलं. गोकुळ दारात येऊन गेला, मुंजाबा दोनदा येऊन गेला. बद्रीभाऊ त्याला म्हणाले, "मला आता दुसऱ्याची बाजू मांडायची भीती वाटती." मुंजाबानं हुर्र्र करून बघितलं. कुणी हसलं नाही. मी चिडवणं बंद केलं. चिडवायला समोर माणूस लागतो. इथं नुसता सदरा फिरत होता. गेटवरचा लाकडी नांगर मी एके दिवशी विळ्यानं कापायला घेतला, तर ते आतून म्हणाले, "राहू द्या वहिनी. ज्यानं बांधलाय त्यानंच सोडावा."

आणि मग एका संध्याकाळी, सातच्या सुमाराला, अंगणातून आवाज आला. मी कणीक मळत होते. हात तसेच ठेवून मागं गेले.

बद्रीभाऊ टाकीला सांगत होते, "सुदर्शनची बाजू अशी."

रोज. तेव्हापासून रोज सातला. पोराच्या बाजूनं, स्वतःच्या विरुद्ध. आणि काय मांडायचे! सुदर्शनलासुद्धा सुचलं नसतं असं. मी हे कुणालाही सांगितलं नाही. तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या यांनासुद्धा वाटलं. ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

परवा सुदर्शनचा मला फोन आला. "काकू, सृष्टी सायकलसाठी रडती. तेवढी तुमच्याकडं काढून ठेवता का? मी घेऊन जातो. अण्णांची गाठ नको."

मी म्हटलं, "सातला ये ना. सातला तुझे अण्णा कुठं घरी असतात?"

मी खोटं बोलले नाही. मी प्रश्न विचारला. त्यानं चॅनल बघणं सोडलेलं होतं, त्याला मी काय करू?

तो आला. दाढी वाढलेली. मी त्याला मागच्या अंगणात नेलं, सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती. म्हटलं, "हवा आहे का बघ चाकात." तो वाकला आणि पलीकडून आवाज आला.

"सुदर्शनची बाजू अशी. त्याचा बाप आख्ख्या शहरावर बोलायचा. घरच्यावर बोलायचं नाय असा नियम बापानं केला. नियम चांगला. पण पोराला विचारून केला का? नाय. पोरगं शाळेत बक्षीस घ्यायला उभं राहिलं तेव्हा बाप स्टँडवर. बोहल्यावर उभं राहिलं तेव्हा बाप पाहुण्यांत. मतांना उभं राहिलं तेव्हा बाप नियमात." टाकीवर बोट वाजलं. "बाप म्हणतो, चूक बोटाची झाली. बोटाची चूक माफ करता येती. पण एवढ्या वर्षांत ते बोट एकदा तरी चुकून पोराच्या पाठीवर पडायला पाहिजे होतं. ही सुदर्शनची बाजू."

सुदर्शन वाकलेलाच राहिला.

पलीकडून आवाज आला, "आता बद्रीनाथची बाजू." आणि मग काही नाही. रोज इथंच थांबायचे. स्वतःची बाजू स्वतः मांडायची नाही, रीत. आणि दुसरं कुणी नव्हतं. थोड्या वेळानं खुर्ची सरकवल्याचा आवाज व्हायचा आणि ते आत जायचे. आजही सरकली.

सुदर्शन सरळ व्हायला गेला आणि त्याच्या हाताला सायकलची घंटी लागली. ट्रिंग. ती घंटी त्या घरात रोज संध्याकाळी वाजलेली.

खुर्ची थांबली. "कोण हाय?"

मी सुदर्शनकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता. मी हळूच म्हटलं, "त्यांची बाजू मांडायची खुर्ची मोकळी आहे, बाळा. कुणी बसलेलं नाही तिथं." मला वाटलं, झालं, सायकल उचलणार आणि जाणार.

"बद्रीनाथची बाजू अशी," तो म्हणाला. आवाज लहानपणीसारखाच, नाक ओढत. "त्यांना वाटलं, आज गेलो नाय तर पोरगं म्हणल बापानं विकलं. म्हणून गेले. लोकांसाठी नाय गेले." बाहीनं नाक पुसलं. "आणि पोरगं तरी तेच म्हणलं." मग भिंतीजवळ सरकला. "मांडलं का, अण्णा?"

पलीकडं आवडाबाईंच्या हातातलं भांडंसुद्धा वाजेना.

"नाय," बद्रीभाऊ म्हणाले. स्टँडचा आवाज नव्हता तो, भिंतीपुरता होता. "निम्मंच मांडलंस. बाकीचं इकडं येऊन मांड."

सुदर्शननं सायकल हातात धरली. तशीच ढकलत आमच्या गेटबाहेर गेला. मी पुढच्या दारात आले. तो त्यांच्या गेटसमोर उभा होता, दोरीला अर्धवट लटकलेला तो नांगर बघत. त्यानं दोरी ओढून तोडली, नांगर सायकलच्या टोपलीत टाकला.

"मी राहायला आलेलो नाय," तो बाहेरूनच म्हणाला.

"मी कुठं म्हणलं राहा," आतून आवाज आला. "मांड म्हणलं."

कडी वाजली. मी आत गेले, स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि मिक्सर सुरू केला.

"काय वाटतेस गं एवढं?" हे विचारत आले. भांड्यात बघितलं. भांडं रिकामं होतं. ते तिथंच उभे राहिले, आणि मी मिक्सर बराच वेळ चालू ठेवला.